याकूबभाईंची पितळी नळी

कुठलीही वस्तू हातात आली की याकूबभाई सारंग डोळे मिटत. कांदा असो, खजूर असो, नवा बूट असो. वस्तू उजव्या तळहातावर ठेवायची, हात हलकेच वरखाली करायचा आणि निकाल द्यायचा: "असल." किंवा "नक्कल." तिसरा निकाल नव्हता आणि अपिलाची सोय नव्हती. फुजैरातल्या आमच्या मलयाळी भाजीवाल्याने एकदा वैतागून विचारलं, "भाई, टमाटर में असली-नकली क्या होता है?" याकूबभाई डोळे न उघडता म्हणाले, "वजन बोलता है."

याकूबभाईंचा एक किस्सा फुजैरापासून शारजापर्यंत बऱ्याच मराठी घरांत माहीत आहे. असली-नकलीचा एवढा जाणकार माणूस, आणि त्याच्या हातात नकली माल दिला तरी त्याला महिनाभर पत्ता लागला नाही, असा तो किस्सा. तो मीच पसरवला. नकला करून, आवाज काढून, लोकांच्या पोटात दुखेपर्यंत सांगितला. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा मला फार उशिरा कळला. माझं वय झालं आहे, म्हणून तो आता लिहून ठेवतो.

मी पास्कल, वसईचा. फुजैराच्या एका तेल टर्मिनलवर गेटपासचं काम करत होतो. याकूबभाई त्याच टर्मिनलच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, लेथ चालवायचे. गाव रत्नागिरीकडे, खाडीच्या काठी. तिसरा नितीन शिंदे, साताऱ्याचा इलेक्ट्रिशियन, वयाने आमच्या निम्मा. कंपनीच्या एका खोलीत आम्ही तिघं. गल्फमधली खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको: खोली एक, पण प्रत्येक खाटेला स्वतःचा पडदा. ड्यूटीवरून यायचं, जेवायचं, पडदा ओढायचा आणि आत फोन घेऊन पडायचं. नितीनच्या पडद्यातून क्रिकेटची कॉमेंट्री, माझ्या पडद्यातून बायको. याकूबभाईंच्या पडद्यातून काही ऐकू येत नसे. त्यांची बायको हाजरा गावीच वारली होती, आणि मुलगी सासरी कॅनडात. याकूबभाई ड्यूटीवरून येत तेव्हा ती कामावर असे.

याकूबभाई पडदा ओढत नसत. उघड्या खाटेवर बसून कुणीतरी काहीतरी विचारील याची वाट बघत. आम्ही विचारत नव्हतो, कारण विचारलं की व्याख्यान सुरू.

नितीनच्या मामाने एकदा हापूसची पेटी पाठवली. पेटीवर ठळक अक्षरांत रत्नागिरी. याकूबभाईंनी एक आंबा तळहातावर घेतला, डोळे मिटले. नितीन म्हणाला, "भाई, प्लीज. खाऊ द्या." याकूबभाई म्हणाले, "खा ना बाबा. गोड असेल. पण हा आंबा रत्नागिरीचा नाय. रत्नागिरीला बदली होऊन आलेला हाय."

एवढ्या सगळ्यात एकच नकली वस्तू त्यांनी पत्करली होती: दातांची कवळी. रात्री ती काचेच्या ग्लासात असे. तिच्याबद्दल कुणी बोललं की म्हणत, "तेवढं माफ. असल होते ते बिडीने खाल्ले."

बिडी, मग सिगारेट, असं त्यांचं चाळीसेक वर्षं चाललं होतं. हाजराभाभी गेल्यावर सोडली. "ती होती तेव्हा सोडायला हवी होती," एवढंच एकदा बोलले. सोडली, पण हात रिकामा राहीना. इकडे दुकानांत व्हेप, म्हणजे वाफेची सिगारेट, उघड मिळायला लागल्यावर नितीनने त्यांना एक प्लॅस्टिकचं रंगीत यंत्र आणून दिलं. त्याच्यावर छोटा स्क्रीन होता. याकूबभाईंनी तळहातावर घेतलं आणि दुःखाने मान हलवली. "ह्याच्यात माझं काम काय? हा स्वतःच सगळं ठरवतोय."

मग त्यांना मेकॅनिकल व्हेपचा शोध लागला. ही म्हणजे एक धातूची नळी. आत एक बॅटरी, तळाला दाबायचं बटण, वर गुंडाळलेली तार आणि कापूस. बटण दाबलं की बॅटरी थेट तारेला भिडते, लिक्विडची वाफ होते. चिप नाही, स्क्रीन नाही. "बॅटरी आणि तारेच्या मध्ये दलाल नाय," याकूबभाई खूश होऊन सांगत. दलाल नाही म्हणजे चूक झाली तर थांबवणारंही कुणी नाही. म्हणून तळाशी भोकं लागतात. बॅटरी बिघडून तिचा गॅस सुटला तर तो त्या भोकांतून बाहेर जातो. भोकं नसली तर नळी तोंडाजवळच फुटते. हे भोकांचं प्रवचन मी इतक्यांदा ऐकलं आहे की प्रार्थनेसारखं पाठ आहे.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं शेअर टॅक्सीने दुबईला गेलो, इंटरनॅशनल सिटीजवळच्या ड्रॅगन मार्टमध्ये. तिथे एका दुकानात अशा नळ्या ओळीने मांडलेल्या होत्या, झुंबरासारख्या चमकत. दुकानातली चिनी मुलगी म्हणाली, "ओरिजिनल सेम सेम, हबीबी."

"सेम सेम म्हणजे ओरिजिनल नाय," याकूबभाई मला म्हणाले. नळी उघडली. आटे फिरवून पाहिले. कान लावून ऐकले. "वाळू चावल्यासारखे आवाज करतायत." मग तळ उलटा केला. "होल किधर है? गॅस किधर से जायेगा? तुम्हारे घर?"

"नो गॅस, हबीबी. बॅटरी."

"खलास," म्हणून त्यांनी नळी खाली ठेवली. नितीनने हिशेब मांडला, "भाई, तीस दिरहम. आपले सातशे. घेऊन टाका ना. कोण बघतंय?"

याकूबभाई म्हणाले, "मी बघतोय ना."

पुढे कित्येक महिने ते रिकाम्या हाताने राहिले. खिशात बडीशेप. शेवटी वर्कशॉपमधला फिलिपिनो फिटर रोडेल सुट्टीवर गेला, तो मनिलाहून नळी घेऊन आला. तिथला एक कारागीर स्वतःच्या लेथवर एकेक करून त्या बनवत होता. जाड पितळ, आतल्या बाजूला कोरलेला नंबर, तळाला नीट पाडलेली भोकं. याकूबभाईंनी ती हातावर घेतली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. रोडेल घाबरून म्हणाला, "ब्रदर, प्रॉब्लेम?"

"माफी मुश्किल," याकूबभाई म्हणाले, म्हणजे काही प्रॉब्लेम नाही. मग माझ्याकडे वळले. "पास्कलभाय, असल म्हणजे महाग नाय. ज्याने बनवली त्याने आपल्या तोंडाला लावून बघितली असेल, ती असल."

आंब्याच्या वासाचं लिक्विड मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. रत्नागिरीच्या माणसाने आंब्याची नक्कल ओढायची? बिनवासाचं आणत.

टर्मिनलच्या आत ठिणगी उडेल असं काही नेता येत नाही. लायटर, फोन, बॅटरी, सगळं गेटवर ट्रेमध्ये ठेवायचं आणि टोकन घेऊन आत जायचं. याकूबभाईंना नळी ट्रेमध्ये ठेवणं पटेना. ते माझ्या खिडकीशी येत आणि ती माझ्या हातात देत. "दोन हातांनी, पास्कलभाय." मी दोन हातांनी घेई आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवी. गेटवर आणखी क्लार्क होते. त्यांच्याकडे त्यांनी ती कधी दिली नाही. माझी सुट्टी असली की नळी खोलीवरच ठेवून येत.

आता घड्याळाची गोष्ट. मी गावी निघालो होतो. रिटासाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी, बर दुबईला मीना बाजारच्या मागच्या गल्लीत एक घड्याळ घेतलं होतं. विकणाऱ्याने ते जाकिटातून काढलं होतं, यावरून मी काय ते ओळखायला हवं होतं. बॅग भरताना नितीन होता, शेजारच्या खोलीतले दोघं-तिघं होते. मी मोठ्या ऐटीत घड्याळ दाखवत होतो. याकूबभाईंनी हात पुढे केला. मला नाही म्हणता आलं नाही.

डोळे मिटले. हात वरखाली झाला.

"नक्कल. आतमध्ये अर्धा डबा रिकामा हाय, पास्कलभाय. बायकोला द्यायचं तर असल दे, नायतर चॉकलेट दे."

सगळे हसले. नितीन तर खाटेवर लोळला. मी रिटाला घड्याळ असली म्हणूनच दिलं. ते वर्षभरात बंद पडलं, तरी तिने हातातून काढलं नाही. मला वाटायचं, तिला कळलंच नाही.

परत आलो तो मनात राग घेऊनच. नितीनला म्हटलं, "ह्या माणसाचं वजन एकदा काढायला हवं." कल्पना माझी. नितीन फक्त सोबत आला. ड्रॅगन मार्टमध्ये मनिलाच्या त्या नळीची हुबेहूब नक्कल मिळाली. नंबरसुद्धा कोरलेला, दुकानातल्या सगळ्या नळ्यांवर एकच नंबर. याकूबभाईंच्या नळीवर एक बारीक ओरखडा होता, तो मी खिळ्याने काढला. आणि तळ उलटा करून पाहिला. भोकं नव्हती.

हे मला दिसलं होतं. पाठ असलेलं प्रवचन मला आठवलंही होतं. तरी मी ती घेतली. एकदोन दिवसांचा खेळ, काय होतंय, असं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन हातांनी असली दिली, संध्याकाळी मी दोन हातांनी नकली परत केली. नेहमीप्रमाणे त्यांनी ती तळहातावर घेतली. डोळे मिटले. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किश्श्यात मी इथे थांबायचो आणि त्यांचा तो चेहरा करून दाखवायचो, बावळट. ते म्हणाले, "शुक्रन, पास्कलभाय," आणि नळी खिशात टाकून निघून गेले.

त्या संध्याकाळी त्यांनी ती ओढली नाही. म्हणाले, दाढ दुखतेय. दुसऱ्या दिवशीही दाढ. पुढचे दोन दिवस नळी गेटवर माझ्याकडेही आली नाही, खोलीवर ठेवली म्हणाले. कवळी लावणाऱ्या माणसाची दाढ कशी दुखेल, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही. आम्ही हसू दाबण्यात गुंतलो होतो. तिसऱ्या दिवशी ते वर्कशॉपमधून उशिरा आले, खाटेवर बसले, कापूस भरला, बटण दाबलं आणि वाफेचा ढग सोडून म्हणाले, "बघ नितीन, ह्याला म्हणतात असल."

नितीन उशीत तोंड खुपसून हसला.

मग ते रोजचंच झालं. जेवण झालं की मी पडदा न ओढता याकूबभाईंच्या खाटेवर जाऊन बसायचो. नितीन यायचा. त्याने शेजारच्या खोलीत बातमी फोडली, तेही यायला लागले. रोडेलही. आम्ही विचारायचो, "याकूबभाई, नकली असती तर काय झालं असतं हो?" आणि याकूबभाई रंगात यायचे. पितळ कसं ओळखायचं, आटे कसे ऐकायचे, मनिलाच्या कारागिराचे हात कसे असतील. हातात नकली नळी धरून! आम्ही एकमेकांना कोपरं मारायचो. ते सगळ्यांसाठी बिनदुधाचा सुलेमानी चहा करायचे. कप कमी पडायला लागले तेव्हा त्यांनी सुपरमार्केटमधून सहा नवे कप आणले, एकेक तळहातावर घेऊन. "म्हातारा लग्न करतोय की काय," नितीन म्हणाला.

गावाकडच्या गोष्टी निघायच्या. खाडीत पकडलेल्या खेकड्यांच्या. हाजराभाभींनी एकदा रागाने बिड्यांचं बंडल भाताच्या वाफेवर ठेवून नरम करून टाकलं, त्याची. ती गोष्ट सांगताना त्यांना इतकं हसू आलं की कवळी सुटली. आम्ही नळीकडे बघत होतो. मी गोष्ट नीट ऐकलीही नाही.

महिना होत आला. सुट्टीच्या दिवशी मेसमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. बिर्याणी झाल्यावर मी उभा राहिलो, खिशातून असली नळी काढली आणि वर धरली. "याकूबभाई, ही कोणाची?"

मेसमध्ये जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. नितीन टेबल बडवत होता. "वजन बोलत नाय का आज, भाई? घसा बसलाय वजनाचा?" याकूबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात वर केले. "हरलो रे बाबा! यल्ला, हरलो. पास्कलभायने मारला मला." आणि सगळ्यांत मोठ्याने हसले.

मी त्यांची नळी परत दिली. त्यांनी नकली माझ्या हातात ठेवली. "ठेव. निशाणी."

त्या संध्याकाळी खाटेवर कुणी गेलं नाही. जायचं कारणच उरलं नव्हतं. नितीनने पडदा ओढला, मी ओढला. पडद्याच्या फटीतून मला याकूबभाई दिसत होते. चहाचं आधण ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले, मग गॅस बंद केला. सहा कप फडताळात एकावर एक रचून ठेवले.

पुढल्या वर्षी त्यांचा व्हिसा संपला आणि ते कायमचे गावी गेले. मीही निवृत्त झालो. रिटा गेली. आता दुबईला मुलाकडे असतो. नातवंडं मी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतात. ती नकली नळी माझ्या कपाटात असते. पाहुणे आले की मी ती काढायचो आणि किस्सा सांगायचो. मी स्वतः ओढत नाही, त्यामुळे ती उघडून, उलटून बघण्याची वेळ कधी आली नव्हती.

मागल्या महिन्यात मुलाच्या ऑफिसातला एकजण जेवायला आला होता. त्याला ह्या वस्तूंचा शौक. मी किस्सा संपवला, सगळे हसले. तो नळी उघडून बघत होता. म्हणाला, "अंकल, नकली आहे, पण वेंट होल मात्र मस्त पाडलेत. कुणीतरी नंतर पाडलेले दिसतात. नीट, मशीनवर."

मी नळी घेतली. खिडकीशी नेली, चष्मा लावला. तळाशी तीन भोकं. कडा आतून-बाहेरून घासून गोल केलेल्या. याकूबभाई वर्कशॉपमधल्या पोरांना नेहमी ओरडायचे, "भोक पाडून झालं म्हणजे काम झालं नाय, कडा कोण मारणार, तुझा बाप?" मी बोटाचं टोक फिरवून पाहिलं. कुठेही टोचलं नाही.

नळी महिनाभर त्यांच्याकडे होती, आणि मग थेट माझ्याकडे. दाढदुखीचे ते दोन दिवस मला तेव्हा समजले: बॅटरी खोलीवर ठेवून रिकामी नळी त्यांनी वर्कशॉपमध्ये नेली होती.

पाहुणा गेल्यावर मी फोन लावला. फार दिवसांनी लावत होतो. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"पास्कलभाय! जिवंत हायस?"

"याकूबभाई, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"नळी. नकली."

"गेटवरच," ते म्हणाले. "हातात ठेवलीस तेव्हाच."

"मग माझ्या तोंडावर फेकून मारायची होती."

"मारणार होतो. डोळे उघडले तर तू माझ्याकडे असा बघत होतास... आपल्याकडे एवढं लक्ष देऊन कोण बघतं रे? म्हटलं, बघू काय करतोय." मग घाईने म्हणाले, "नंतर तर तुम्ही सगळे यायलाच लागलात."

मी विचारलं, "आणि भोकं?"

"पाडायलाच हवी होती. तुम्ही सगळे अंगाला अंग लावून बसायचात. फुटली असती तर तुझे दात गेले असते. माझे तर नकलीच हायत." स्वतःच्या विनोदावर ते हसले. घर रिकामं असावं, हसणं घुमलं. "किस्सा सांगतोस का अजून?"

"सांगायचो."

"सांगत जा रे. लोक हसतात ना? हसू दे. पण भोकांचं सांगू नको, पास्कलभाय. मजा जाते."

मी बरं म्हटलं. पण त्यांचं हे एवढं एक मी ऐकलेलं नाही.